सव्वासात तासांचं काम सहा तासांत

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाला दोन वर्षं होत आली तरी त्या लग्नाच्या व्हिडिओची सीडी मी बनवली नव्हती. दवनीवाड्यात, म्हणजे आमच्या गावात, आणि आसपासच्या गावांत त्या काळात ज्याच्या दारी मांडव पडला त्याची सीडी माझ्याकडून गेली. राहिली ती घरचीच. कोणी विचारलं की मी म्हणायचो, बनवून राहिलो. ते खोटं होतं.

घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझं दुकान होतं. एक कॅमेरा, दोन हॅलोजन, एक कॉम्प्युटर आणि बाहेर हातानं रंगवलेली पाटी, शूटिंग व मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे शूट केलेलं लग्न कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, नको ते कापायचं, नावं टाकायची, गाणी भरायची, फुलं उडवायची. नवरानवरीचे चेहरे लाल बदामात बसवले की लोक खूश. त्या बदामाचा मला इतका वीट आला होता की काय सांगू! पण लोक मागायचे आणि मी द्यायचो.

बहिणीला मी बाई म्हणायचो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. वडील आम्ही लहान असतानाच गेले, म्हणून घरात माय, बाई आणि मी, एवढेच. दोन हजार पाचच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती कोहमाऱ्याजवळच्या एका गावात नांदायला गेली. शूटिंगला बाहेरचा माणूस सांगू असं मामा म्हणत होते. मी म्हटलं, कायले? मी आहे ना. मग काय, नवरीचा सख्खा भाऊ दिवसभर खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरला. वराती चिडवत होते, "अबे, तू साळा आहेस का फोटोवाला?"

बिदाईच्या वेळी सगळा मांडव रडून राहिला होता आणि मी बॅटरीचा लाल दिवा पाहून राहिलो होतो. बाई माझ्यासमोर आली, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाली, "ठेव ना रे आता तो डब्बा खाली." मी ठेवला नाही. बॅटरी सात मिनिटं पुरेल असा माझा अंदाज होता, ती नऊ मिनिटं पुरली. मला त्याचंच बरं वाटलं.

आमच्या धंद्यात सगळ्यांची एकच रीत. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं मागून. गिऱ्हाईक दारात येऊन बोंबलतं, घरच्याला दटावता येतं. त्या मोसमात माझ्याकडे अकरा लग्नं होती. बाईच्या लग्नाच्या तीन कॅसेटी मी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या आणि पुढच्याच आठवड्यात त्याच कॅसेटींवर दुसऱ्या गावचं लग्न शूट केलं. कॅसेट पुसून पुन्हा वापरायचं काम सगळेच करायचे. पण गिऱ्हाइकाची कॅसेट मी सीडी त्याच्या हातात पडेपर्यंत जपायचो, तिच्यावर नाव-गाव लिहून कपाटात ठेवायचो. बाईच्या कॅसेटींवर काही लिहिलंच नव्हतं. घरच्याच तर आहेत, लिहायचं काय? त्या दिवसापासून बाईचं लग्न फक्त एका जागी उरलं. माझ्या हार्ड डिस्कवर, 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये.

बाई फोन करायची. "माझी अन् माझ्या पोराच्या लग्नाची सीडी संगच देशील का रे?" मी हसायचो आणि म्हणायचो, बनवून राहिलो ना बाई.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात, हलका धान निसवायच्या दिवसांत, तिला ताप आला. साधा ताप समजून दोन दिवस घरीच गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती माणसं ओळखेना. चौथ्या दिवशी गोंदियाच्या दवाखान्यात वारली. मलेरिया मेंदूत गेला होता, असं डॉक्टर म्हणाले.

मला रडू आलं नाही. भाऊजी पोर्चमधल्या खांबाला डोकं लावून हंबरडा फोडत होते आणि मी भिंतीवरच्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे पाहत होतो. त्याचं बटण निघालेलं होतं, नुसती दांडी उरली होती. लोक ती बोटांनी कशी फिरवत असतील, एवढंच माझ्या डोक्यात. घाटावर मोठे काका म्हणाले, "दगड आहेस का रे तू?" दगड नव्हतो. दगडाला भूक लागत नाही, मला तर सपाटून लागली होती आणि तिची लाजही वाटत नव्हती.

तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी परत गेली. सकाळी दहाच्या सुमाराला माय दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. दुकानात ती सहसा येत नसे.

"बाबू, बाईच्या लग्नाची सीडी लाव ना."

मी खुर्ची तिच्यापुढं सरकवली.

"फोटोत ते नुसती बसली आहे," माय म्हणाली. "मले तिले चालताना पाहायचं आहे. बोलताना पाहायचं आहे."

"बनवून राहिलो," मी म्हटलं.

"बरं," म्हणून ती गेली. त्यानंतर कित्येक महिने तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चिडलो असतो, आणि चिडलो असतो तर बरं झालं असतं.

आता मशीनचं सांगतो. तो कॉम्प्युटर मी गोंदियाच्या एका दुकानातून जुनाच घेतला होता. प्रोसेसर सतराशे मेगाहर्ट्झ वेगाचा. बाजारात तोवर त्याच्या दुप्पट पळणारे आले होते. बाईचं लग्न कापून-जोडून तीन तासांचं होणार होतं. असं तयार लग्न शेवटी रेंडर करावं लागतं, म्हणजे सगळे तुकडे, गाणी, नावं एकत्र शिजवून मशीन त्याची एक फाइल बनवते. तीन तासांच्या लग्नाला माझ्या मशीनला सव्वासात तास लागायचे. आणि आमच्या गावात लोडशेडिंगमधून लाईट मिळायची सलग सहा तास, अकरा ते पाच. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं टिकायची. झाले सहा तास दहा मिनिटं. मधे लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गिऱ्हाइकांचं मी तुकड्यांत करायचो. हळद आज, लग्न उद्या, बिदाई परवा, मग तिन्ही जोडायचे. जोडाच्या जागी चित्र जरासा झटका खायचं. गिऱ्हाइकाला ते कळत नव्हतं, मला कळायचं. बाईच्या सीडीत झटका नको, असं मी ठरवलं. वा रे वा! सव्वा वर्ष जिचं फोल्डर उघडलं नाही, तिच्यासाठी आता हा नखरा.

जिथून मशीन घेतली त्या दुकानात एक रिपेअरवाला होता, माझ्याच वयाचा. गोंदियाचा, त्यामुळे हिंदीच बोलायचा. त्याला अडचण सांगितली.

"प्रोसेसर बदल ले."

"बदलायचा असता तर तुझ्याकडे आलो असतो का?"

"तो फिर ओव्हरक्लॉक कर," तो म्हणाला आणि त्यानं मला नीट समजावून दिलं. मदरबोर्ड एक ठोका देतो, शंभरचा. प्रोसेसर त्याला सतरानं गुणतो आणि सतराशेनं पळतो. हा सतराचा आकडा बनवणाऱ्यांनीच कुलूपबंद केलेला, तो हलत नाही. पण शंभर हलवता येतात. एकशेवीस केले की तोच प्रोसेसर दोन हजार चाळीसनं पळतो. मी तिथंच पावतीच्या पाठीमागं भागाकार केला. सव्वासात तासांचे सहा तास आणि दोनेक मिनिटं. बसलं! कित्येक महिन्यांत मला एखादी गोष्ट आवडली असेल तर तो भागाकार.

"लेकिन एक बात है," तो म्हणाला. प्रोसेसरला जास्त पळवायचं तर त्याला थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, नाहीतर तो मधेच दम टाकतो. त्यानं माझ्याच बोर्डासारख्या एका बोर्डाची सेटिंग उघडून दाखवली. बाकीच्या ओळी पांढऱ्या, व्होल्टेजची ओळ तेवढी राखाडी. बाण तिच्यावर थांबतच नव्हता, वरून खाली उडी मारून जायचा.

"वोल्टेज लॉक है तेरा. जितना है उतने में जितना भागे, भगा."

"अन् दम टाकला तर?"

"ठंडा रख. ठंडा रहेगा तो उतने ही वोल्टेज में ज्यादा भागेगा."

त्याचं सगळं खरं होतं. फक्त अर्धं होतं.

डिसेंबरात सुरुवात केली. एकशेपाच केले, चालला. एकशेदहा, चालला. पाच-पाच मिनिटांचे तुकडे रेंडर करायचे, घड्याळ लावायचं, वहीत आकडा लिहायचा. थंडीत एकशेवीसवरसुद्धा तो तक्रार न करता पळाला. माझा सगळा हिवाळा त्या आकड्यांत गेला आणि खरं सांगतो, तो बरा गेला. लोकांना वाटायचं, पोरगं कामात मन रमवून राहिलं. मन कुठं होतं ते मलाच माहीत नव्हतं.

बाई रोज स्क्रीनवर होती. हळद लागलेली, हसणारी, करवल्यांवर ओरडणारी, "केसात नको ना टाकू वो, निंघत नाही!" मी तिला मागं नेत होतो, पुढं नेत होतो, नको तिथं कापत होतो. तोंडात घास असतानाचा तिचा एक शॉट होता. बरा दिसत नव्हता, काढून टाकला. भोपळा चिरताना जेवढं वाटतं तेवढंच मला वाटत होतं. मी वाट पाहायचो. आता बिदाईपाशी येऊ तेव्हा वाटेल, असं म्हणायचो. बिदाईपाशी आलो. तिनं डब्बा खाली ठेव म्हटलं. मी आवाज थोडा कमी केला, कारण मागं बँड फार वाजत होता, आणि पुढं गेलो.

सगळं जुळवून तयार व्हायला एप्रिल उजाडला. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे दुपारी लोखंडी फाटकाला हात लावायची सोय नाही. थंडीत पळणारा प्रोसेसर आता एकशेवीसवर तिसऱ्या मिनिटाला हँग. पुन्हा चालू, पुन्हा हँग. एकशेपंधरावर टिकला, पण एकशेपंधराचा हिशेब सहा तास अठरा मिनिटांचा. आठ मिनिटं कमी पडत होती. आठ मिनिटं! त्या आठ मिनिटांचा मला असा संताप आला की मी टेबलाला लाथ घातली आणि अंगठ्याचं नख काळंनिळं केलं. दवाखान्यात जो राग यायला पाहिजे होता तो आठ मिनिटांवर निघाला.

मग मी मायच्या खोलीतला कूलर उचलून दुकानात आणला. कॅबिनेटची दोन्ही झाकणं काढली आणि उघड्या मशीनच्या तोंडापुढं कूलर लावला. कूलरच्या जाळीतल्या खसमधून येणारा ओला गार वारा सरळ प्रोसेसरवर. मशीनवर ओला वारा सोडायचा नसतो, हे मलाही कळत होतं. पण आमच्याकडे उन्हाळ्यात जे तापेल त्याच्यापुढं कूलर ठेवायचा, दुसरी अक्कल कोणाला सुचत नाही. झालं मात्र चमत्कारासारखं. एकशेवीसवर अर्धा तास टिकला, मग एक तास टिकला.

दुसऱ्या दिवशी पूर्ण रेंडर लावायचं ठरवलं. माय सकाळी बोरिंगवरून पाणी आणत होती.

"आज होते का?" तिनं विचारलं. काय, ते तिनं म्हटलं नाही.

"आज होते."

"मग कूलर मी भरतो," माय म्हणाली. "तू मशीनपासून उठू नको."

अकराला लाईट आली. मी रेंडर सुरू केलं. माय दर तासाला बादली आणून कूलरमध्ये ओतायची, स्क्रीनकडे एकदा पाहायची आणि बाहेर ओट्यावर पदरानं वारा घेत बसायची. कूलर मशीनला होता, तिला नव्हता. दीड वाजता चाळीस टक्के झाले. अडीचला साठ. मी हलकेच श्वास घेत होतो, मशीनला माझी ऊब लागेल असं काहीतरी खूळ डोक्यात होतं. तीन वाजून गेले आणि सदुसष्ट टक्क्यांवर स्क्रीन थिजला. माऊस हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ तीन वाजून चार मिनिटांवर थांबलं ते थांबलं.

बटण दाबून मशीन बंद केली, पुन्हा चालू केली. निळा स्क्रीन आला. डिस्क तपासतो, म्हणाला. हा निळा स्क्रीन माझ्या रोजच्या ओळखीचा. रोज लाईट जायची, यूपीएस कधी दगा द्यायचा, मशीन धाडकन बंद पडायची. मग निळा स्क्रीन यायचा, डिस्क तपासायचा, चुकलंमाकलं दुरुस्त करायचा आणि मशीन सुरू व्हायची. कोणतंही बटण दाबून ते टाळता यायचं. लोडशेडिंगच्या गावात तो कोण टाळतो? तो दुरुस्तच करतो, हा आमचा विश्वास. मी बाहेर गेलो, पाणी पिलो, तोंडावर पाणी मारलं. परत आलो तेव्हा स्क्रीनवरून ओळींवर ओळी धावत होत्या. दुरुस्त केलं, दुरुस्त केलं, दुरुस्त केलं. ठोका एकशेवीसवरच होता. तो खाली आणायचं मला सुचलंच नाही.

मशीन सुरू झाली. 'घर' उघडलं. फाइलींच्या नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं, आणि आकारापुढं शून्य. सगळ्यांत मिळून एकच फाइल धड होती, अकरा मिनिटांची.

मशीन घेऊन गोंदियाला गेलो. रिपेअरवाल्यानं दोन दिवस ती ठेवून घेतली, होतं नव्हतं ते सॉफ्टवेअर चालवलं. काही आलं नाही. मग त्यानं विचारलं, "कितने पे चला रहा था?"

"एकशेवीस."

त्यानं कपाळाला हात लावला. बोर्डाचा ठोका एकट्या प्रोसेसरचा नसतो, हे त्यानं मला तेव्हा सांगितलं. त्याचाच तिसरा हिस्सा हार्ड डिस्कच्या वाटेला जातो. शंभरचे तेहतीस, तेवढं तिला सोसतं. एकशेवीसचे होतात चाळीस, आणि मग लिहिता-वाचताना ती चुकते. ओरडत नाही, थांबत नाही, मुकाट्यानं चुकतं लिहीत जाते. डिसेंबरपासून चुकत असेल. आणि शेवटी दुरुस्तीलाही तीच चुकणारी बसली.

"मग आधी काऊन नाही सांगितलास?" मी दुकानात सगळ्यांसमोर ओरडलो.

तो माझ्यावर चिडला नाही. म्हणाला, "भाई, मैंने सोचा बिगड़ा भी तो क्या, कैसेट तो है ना तेरे पास."

मी मशीन उचलली आणि बसमध्ये बसलो. मांडीवर मशीन घेऊन गावापर्यंत आलो. तेव्हाही काही वाटलं नाही. स्वतःची थोडी किळस वाटली, एवढंच.

मायनं काही विचारलं नाही. चार दिवस विचारलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी लाईट असताना मीच तिला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि ती अकरा मिनिटांची फाइल लावली. पंगत होती. माणसं बसलेली, पत्रावळी, भात, वरणाची बादली, कोणीतरी कॅमेरा पाहून हात हलवतंय. माय अगदी स्क्रीनजवळ तोंड नेऊन पाहत होती. "हे तुझे मामा... हे मी का? किती काळी दिसून राहिली वो माय!" ती हसली. अकरा मिनिटं संपली. स्क्रीन काळा झाला तरी ती तशीच बसून होती.

"बाई कोठी आहे?"

"याच्यात नाही."

"मग दुसरं लाव."

"दुसरं नाही आहे, माय," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. कॅसेटी मीच पुसल्या ते सांगितलं. मशीनमध्ये जेवढी ताकद नव्हती तेवढं मी तिला पळवलं, त्यात बाईचं सगळं पुसून गेलं, हे सांगितलं. माझा आवाज सपाट होता. एखाद्या गिऱ्हाइकाला सीडी बिघडल्याचं सांगावं तसा.

माय रागावेल असं मला वाटत होतं. रागावली असती तर मी उलट बोललो असतो, तयारीच होती माझी. पण ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती.

"पळवायचं कायले होतं तिले?"

"सव्वासात घंट्याचं काम होतं, माय. लाईट सहाच घंटे राहते ना."

तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं.

"पण तू घाई कायले केलास, बाबू? बाई आता कोठी जाऊन राहिली होती?"